चाळीस दिवसांचा तंबोरा

मी भोपळे विकतो. खायचे नव्हेत, वाजायचे. तंबोऱ्याच्या बुडाशी घमेल्याएवढा गोल भोपळा असतो ना, तो. मिरजेतल्या या एका गल्लीत साठ वर्षं मी हा धंदा केला आणि गिऱ्हाईक रेंगाळावं म्हणून थापा मारल्या. एका भोपळ्यात मांजरी व्याली आणि तिची पिल्लं षड्जात म्यांव करायची, ही माझीच. एक तंबोरा आपोआप वाजायचा, त्यावर रोज दाढी करता करता शेजारचा न्हावी गवई झाला, हीसुद्धा माझीच. लोक हसत, चहा पीत, भोपळा घेऊन जात. माझ्या थापेने कुणाचं वाईट झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यापर्यंत नव्हतं झालं.

आता सांगतो त्यात एकच थाप आहे, आणि ती आली की मी स्वतः बोट ठेवून दाखवीन. बाकी सगळं खरं.

माझ्या दुकानासमोर बशीरभाईंचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टेकलेले तंबोरे आणि लाखेचा वास. बशीरभाईंचा मुलगा इल्यास, वय सतरा वर्षं नऊ महिने, जन्मापासून ठार बहिरा. आणि गल्लीत जवारी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

जवारी म्हणजे काय ते सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसीने असा घासायचा की तार त्याला अगदी ओझरती लागत राहील. मग तारेतून नुसता टणकार न येता भुंग्यासारखा भरलेला आवाज येतो. घास केसभर जास्त झाली की आवाज पत्र्याचा, कमी झाली की मुका. बशीरभाई जवारी कानाने काढायचे. इल्यास दातांनी काढायचा. तंबोऱ्याच्या दांडीचं टोक दातांत अलगद धरायचं, तार छेडायची, डोळे मिटायचे. जबड्याच्या हाडातून जे काही आत जायचं त्यावरून तो कानस चालवायचा.

त्याच्या डोळ्यांवर चष्मा असे. समोरचा बोलला की काचेवर अक्षरं उमटत. उत्तर तो हातवाऱ्यांनी देई, नाहीतर मोबाईलवर लिही आणि मोबाईल ते रेल्वेच्या घोषणेसारख्या कोरड्या आवाजात बोलून दाखवी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शर्वाणी आली. ठाण्याची मुलगी, सतरा पूर्ण, आमच्या माई गणपुल्यांकडे सुट्टीभर गाणं शिकायला. जून सरता सरता माई शिष्यांची सभा घेत, आणि जी मनात भरेल तिच्या मनगटाला गंडा बांधत. गंडा बांधला म्हणजे ती त्या घराण्याची झाली. बारा वर्षांत माईंनी एकच बांधला होता. शर्वाणीला दुसरा हवा होता.

ती पाठीवर तंबोरा घेऊन कारखान्यात आली आणि इल्यासला दांडी चावताना पाहून दारातच थबकली.

"काका," ती मला म्हणाली, "हा माझा तंबोरा लावणार? ह्याला तर ऐकूच येत नाही ना?"

चष्म्याने इमानेइतबारे ते लिहिलं. इल्यासने मोबाईलवर बोटं चालवली. मोबाईल म्हणाला, "ऐकू येत नाही, वाचता येतं. तोंड मिट आणि तंबोरा दे."

बशीरभाईंनी कपाळावर हात मारला. "असं बोलतात का रे गिऱ्हाइकाशी!"

पण पोरगी खदखदून हसली. इल्यासने तिचा तंबोरा घेतला, दांडी दातांत धरली, चारी तारा एकेक करून छेडल्या. मग लिहिलं, "चौथी तार खोटं बोलते. काकांसारखी."

शर्वाणीचं हसू थांबलं. चौथ्या, खर्जाच्या तारेत काहीतरी बिनसलंय असं ती वर्षभर सगळ्यांना सांगत होती आणि ठाण्यात कुणाला ते पटत नव्हतं.

त्या साली मिरजेत अकराला उन्हाचा भोंगा व्हायचा. मग चारपर्यंत रस्त्यावर यायला बंदी. सगळी गल्ली ओल्या पडद्यांमागे पडून राही. जाग्या असत फक्त ती दोघं. आणि मी, कारण थापाड्याला झोप कमी.

भोंग्याआधी ती कारखान्यात शिरायची आणि चारपर्यंत तिथेच अडकायची. अडकायची म्हणजे काय, अडकून घ्यायची. आठ दिवसांत तिला त्याच्या खुणा यायला लागल्या. तंबोरा लावताना तो कसा बोलतो तेही ती शिकली. पालथा हात, एक बोट पुढे. बोट केसभर वर, म्हणजे सूर चढव. खाली, म्हणजे उतरव. आणि जुळला की मूठ मिटायची.

एका दुपारी माझ्या खिडकीतून जे दिसलं ते सांगायला या वयातही लाज वाटते. तिने तंबोरा आडवा मांडीवर घेतला होता, कपाळ भोपळ्याला टेकवलं होतं आणि ती गात होती. दुसऱ्या टोकाला तो, दांडी दातांत धरून. दोघांमध्ये चार फूट लाकूड. तिचा आवाज कपाळातून भोपळ्यात, भोपळ्यातून दांडीत, दांडीतून त्याच्या जबड्यात. ती दम घ्यायला थांबली की तो डोळे उघडी, तिने सूर लावला की मिटून घेई. मी खिडकी लावून घेतली. अशा गोष्टीला साक्षीदार नको.

नंतर तिनेच मला सांगितलं. तिने त्याला विचारलं होतं, "मी गाते तेव्हा तुला काय कळतं?"

त्याने लिहिलं, "दातात तू असतेस. पण दातात तुझी नुसती सावली येते. काचेवर बघतो तर एकच शब्द येतो. तू काहीही गा, पहाटेचं गा, रडत गा, काचेवर लिहून येतं: संगीत. मला त्या शब्दाचा कंटाळा आलाय. मला तू ऐकायचीयेस."

आणि नेमका तेव्हाच उपाय निघाला होता.

एप्रिलच्या अखेरीला बशीरभाई, इल्यास, शर्वाणी आणि हट्टाने मी, असे पुण्याला एका संस्थेत गेलो. तिथल्या डॉक्टर मुळगुंदबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. इल्यासच्या कानात आवाज टिपणाऱ्या पेशी आहेत, पण त्या पेशींना एक प्रथिन बनवता येत नाही, कारण त्याची कृती असलेलं जनुक मोडकं आहे. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर धड जनुक लादून कानात सोडायचं. दहा-बारा दिवसांत कान सुरू.

"एवढं सोपं?" बशीरभाई म्हणाले.

"कान सोपा आहे. मेंदू अवघड." बाईंनी चष्मा काढला. "मूल तान्हं असतं तेव्हा मेंदू मऊ असतो. जे कानावर पडतं ते त्यात कोरलं जातं. पाच-सहा वर्षांनंतर तो घट्ट होतो. मग कान दिला तरी माणसाला नुसता गोंगाट कळतो. आमच्याकडे आता गोळ्या आहेत. त्या घेतल्या की मेंदू पुन्हा तान्ह्यासारखा कोवळा होतो. चाळीस दिवस. अठराच्या आतच देता येतात आणि आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा दिल्या तर फिट्स येतात."

इल्यासला अठरा पूर्ण व्हायला सात आठवडे होते.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "ऐकण्यासाठी मेंदूत जी जागा असते, ती याच्यात रिकामी पडलेली नाही. तिथे स्पर्श राहायला आलाय. याचे दात एवढे हुशार त्यामुळेच. आता मूळ मालक घरी आला की भाडेकरूला निघावं लागेल."

बशीरभाई खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे दातातलं जाणार?"

"जाईल. थोडं की सगळं, ते सांगता येत नाही."

बशीरभाई मुलाकडे बघत राहिले. असा हात पुन्हा या घरात होणार नव्हता, आणि ते त्यांना त्या मुलापेक्षा जास्त ठाऊक होतं. इल्यास मात्र शर्वाणीकडे बघत होता. तिने मान हलवली नाही, नाही म्हणाली नाही, काही नाही. नुसती बघत राहिली. सतराव्या वर्षी नुसतं बघणं पुरतं. त्याने सही केली.

निघताना बाईंनी सूचनांचा कागद दिला. त्यात पाचव्या क्रमांकावर होतं: *चाळीस दिवस वेगवेगळे आवाज ऐकवा, मध्ये शांतता ठेवा. घरात अखंड चालणारा कोणताही आवाज नको.*

आता माझी थाप.

खूप वर्षांपूर्वी तडा गेलेला एक भोपळा एका परदेशी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना मी म्हणालो होतो, "साहेब, हे साधं घर नाही. बशीरभाईंचे आजोबा जन्मले तेव्हा त्यांच्या पाळण्याशी चाळीस दिवस, रात्रंदिवस, अखंड तंबोरा वाजत होता. एक क्षण थांबला नाही. म्हणून या घराचा कान असा." साहेबाने भोपळा घेतला. गोष्ट छान वठली म्हणून मी ती पुन्हा सांगितली. मग दर रविवारी सांगितली. वीस वर्षांनी बशीरभाई स्वतःच ती लोकांना सांगायला लागले, वर त्यात आजोबांच्या फुफीचं, म्हणजे आत्याचं, नावही घालू लागले. मी कशाला मोडता घालू?

मे महिन्याच्या तीन तारखेला इल्यासच्या कानात औषध गेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी बशीरभाईंनी गल्ली गोळा केली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आता चाळीस दिवस तान्हा हाय," ते म्हणाले. "माझ्या दादाजानच्या पाळण्याशी चाळीस दिवस तंबोरा वाजला. ह्याच्या नशिबात तो नव्हता. आता वाजंल."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात शर्वाणी म्हणाली, "पहिला मी धरते," आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड मिटलं.

पाचव्या सूचनेचं काय, म्हणाल. पाळली ना! अक्षरशः पाळली. मे महिन्याच्या त्या भट्टीत त्या घराने कूलर बंद केला, पंखे बंद केले, फ्रिजचं बटण काढलं, शेजारच्या पिठाच्या गिरणीला हात जोडून पट्टा थांबवायला लावला. बशीरभाईंची बायको जुलेखा ताटाने वारा घालत बसे, तेही ताट भांड्याला लागू न देता. अखंड आवाज नको म्हणजे नको. पण तंबोरा हा आवाज आहे हे त्या गल्लीत कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे तंबोरा म्हणजे हवा. घरात हवा चालू आहे म्हणून कुणी डॉक्टरला विचारायला जातं का?

पाळ्या लावल्या. लाखेवाला, तारांवाला, शाळामास्तर, सगळे. मीसुद्धा धरला, रोज दुपारी दोन तास. सगळ्यात जास्त शर्वाणी. तंबोरा तिच्या पट्टीत लावला होता, पेटीच्या काळी चारमध्ये, आणि ती त्यावर तासन् तास एकेक सूर भरायची. घसा बसला तर मधाची बोटं चाटून पुन्हा बसायची.

अकराव्या दिवशी जुलेखाच्या हातून तवा पडला आणि इल्यास दचकून उभा राहिला.

घरात कल्लोळ झाला. तो एकेक गोष्टीकडे बोट दाखवी आणि विचारी, हे काय? कावळा. हे? पाणी. हे? तुझ्या आईचं रडणं. मग तो वळला. शर्वाणी कोपऱ्यात तंबोरा घेऊन बसली होती, तिने गंधार लावला होता. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. चष्मा काढला. किती वेळ तसा होता कुणास ठाऊक. मग त्याच्या ओठांतून एक विचित्र हुंकार निघाला, जन्मातला पहिला, आणि त्याला तोही ऐकू आला म्हणून तो घाबरला. ती गाता गाता हसली, हसता हसता रडली, पण तिने सूर सोडला नाही. मी सांगतो, एवढा शहाणा गंधार मी त्याआधी आणि नंतर ऐकला नाही.

तसे सहा-सात दिवस गेले. मग तो खूण करू लागला: जोरात.

तिने जोरात गायलं. दोन दिवसांनी पुन्हा: आणखी जोरात. आम्हाला वाटलं, पोराला गोडी लागली. आम्ही दुसरा तंबोरा जोडीला घेतला. मग तिसरा. विसाव्या-बाविसाव्या दिवसानंतर त्याने मागणं बंद केलं. आम्हाला वाटलं, समाधान झालं.

एक्केचाळिसाव्या दिवशी गल्ली पुन्हा जमली. बशीरभाईंनी स्वतः शेवटची पाळी धरली होती. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून चारी तारांवर तळवा ठेवला. तंबोरे थांबले. चाळीस दिवसांनी खोलीत अशी शांतता पडली की माझ्या कानाला दडे बसले. सगळे इल्यासकडे बघत होते. तो सुपारी कातरत बसला होता.

सगळे आपल्याकडे का बघतायत म्हणून त्याने मान वर केली. बापाच्या हाताकडे पाहिलं.

"थांबवला?" त्याने खुणेने विचारलं. "कधी?"

पुण्यात मुळगुंदबाईंनी चार तास तपासण्या केल्या. मग आम्हाला बसवलं.

"तुमच्यात नदीकाठी कोणी राहिलंय? पहिले चार दिवस नदीचा आवाज येतो, मग येईनासा होतो. मेंदू म्हणतो, हा तर कायमचाच, ह्यात बातमी काही नाही, वगळा. तुमचा-माझा मेंदू ते तात्पुरतं वगळतो, लक्ष दिलं की नदी परत ऐकू येते. याचा मेंदू कोवळा होता. त्याने ते कोरून टाकलं. जे सुरात आहे ते म्हणजे शांतता."

"सुरात म्हणजे? काळी चारमध्ये?" शर्वाणीने विचारलं. "मी पट्टी बदलते. काळी तीनमध्ये गाते. पांढरी दोनमध्ये गाते!"

"करून पाहिलं ना आपण. मेंदू पट्टी लक्षात ठेवत नाही बाळ, सुरांचं नातं लक्षात ठेवतो. चांगल्या जवारीतून न छेडलेले सूरसुद्धा निघतात, ते तुला माहीत आहे. ते सगळेच गेले. तू बोललीस, खोकललीस, तर त्याला ऐकू येईल. गायलीस आणि सूर बरोबर लागला, की तू नाहीस."

"आणि चुकीचा लागला तर?"

"तर ऐकू येईल," बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी बशीरभाईंना गाठलं. म्हटलं, "बशीरभाई, ती दादाजानची गोष्ट. चाळीस दिवसांची. ती मी रचलेली. तुमच्या आजोबांच्या पाळण्याशी कुणी काही वाजवलं नव्हतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे काका. मला बरं वाटावं म्हणून आता ही नवी थाप नका मारू. आमच्या घरची रीत आमालाच म्हायती नसंल व्हय?"

जन्मात एकदा खरं बोललो, ते असं वाया गेलं.

घरी आल्यावर पहिली गोष्ट त्याने काय केली असेल? दांडी दातांत धरली. तिने कपाळ भोपळ्याला टेकवून गायला सुरुवात केली. गल्ली पडद्यांमागे होती, भोंगा होऊन गेला होता, सगळं पूर्वीसारखं. त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडले. जागा बदलून धरली. मग दांडी खाली ठेवली आणि खुणेने म्हणाला, "लाकूड."

भाडेकरू निघून गेला होता.

काम मात्र त्याचं चालू राहिलं. ऐका गंमत. बेसूर तंबोरा त्याला छान ऐकू यायचा. खुंटी पिळत, तारेत ओवलेला मणी सरकवत तो सुराकडे नेऊ लागला की आवाज बारीक होत जायचा, आणि सूर बिनचूक जुळला की तंबोरा विझायचा. यंत्राला कळणार नाही एवढा केसाचा फरक त्याला कळू लागला. बाहेरगावचे गवई रांग लावून बसू लागले. बशीरभाई म्हणत, माझ्या मुलासारखे तंबोरे जगात कुणी लावत नाही. तो दिवसभर एकेक तंबोरा घ्यायचा आणि आपल्यापुरता मारून टाकायचा.

दुपारी शर्वाणी यायची. मी खिडकी उघडीच ठेवली होती आता. ती गंधार लावायची, किंचित उतरा. त्याचा चेहरा उजळायचा. आणखी उतरा, आणखी खोटा. तो हसायचा. हे असं कलेकलेने तास-तास चालायचं. सुरेल गळ्याच्या मुलीने मुद्दाम बेसूर गायचं म्हणजे काय, ते तुम्ही गात नसाल तर कळायचं नाही. भाकरी मुद्दाम करपवून वाढण्यासारखं आहे ते. रोज.

"कशाला असं करतेस?" मी एकदा विचारलं.

"मी बरोबर गाते तेव्हा तो माझ्याकडे असा बघतो ना काका," ती म्हणाली, "जसं मी दार लावून घेतलंय आणि तो बाहेर उभा आहे."

गळ्याला सवयी लागतात. आठ दिवसांत माईंच्या कानाने ते पकडलं. मी भोपळा दाखवायला तिथे गेलो होतो, समोरच ऐकलं.

"गंधार कुठे ठेवून आलीस?" माईंनी विचारलं. "आलीस तेव्हा तुझ्याजवळ होता."

शर्वाणी तंबोऱ्याची खुंटी चाचपत राहिली.

"कारण काय ते मला ठाऊक आहे. मिरजेत काही लपत नाही. मी म्हातारी आहे, दगड नाही. पण बयो, खोटा सूर दोनदा लावला की तो घरचा होतो. आठ दिवसांनी सभा आहे. त्या दिवशी गंधार खरा लागला, तर गंड्याचा दोरा माझ्या पदराला बांधलेला असेल. नाही लागला तर ठाण्याची गाडी पकड आणि पुन्हा तंबोऱ्याला हात लावू नकोस. मी रागाने सांगत नाहीये. दोन्ही नाही मिळायचं."

तिने ते इल्यासला सांगितलं. दोघं भांडली. ठाण्याच्या मुलीचे हात आणि मिरजेच्या मुलाचे हात, हवेत नुसती कापाकापी. माझ्या अंगणातून दिसलं तेवढं मला कळलं. तो म्हणत होता, बरोबर गा. ती म्हणत होती, मग तू काय करणार? तो म्हणत होता, मी बघीन. शेवटी ती मोठ्याने ओरडली, "बघायला चष्मा होताच की तुझा!" हे त्याला कानाने ऐकू आलं. तो आत निघून गेला.

सभेच्या आदल्या दिवशी त्याने तिचा तंबोरा लावून माझ्या हाती पाठवला. दांडीला चिठ्ठी बांधली होती. मी वाचली, वाचणारच. *चौथी तार आता खरं बोलते. मी ऐकू शकत नाही म्हणजे ती खरीच असणार.*

सभा सकाळी आठला, माईंच्या पडवीत. साठ-सत्तर माणसं. इल्यास माझ्या शेजारी, तिसऱ्या रांगेत. चष्मा घातलेला. मधून मधून तो मोबाईलवर लिहून मला दाखवत होता, काय ऐकू येतंय ते. "सतरंजी ओढली. कुणीतरी शिंकलं." तबलजी हातोडीने तबला मिळवत होता. "तबला बारीक होतोय." मग, "गेला." पेटी मात्र त्याला थोडी थोडी ऐकू येत होती, कारण पेटीचा गंधार जन्मजात चढा. गवयांना ती खोड ठाऊक असते, आम्ही चालवून घेतो.

शर्वाणीने तंबोरा उभा धरला. तिने बिलावल सुरू केला.

मी त्याच्याकडे बघत होतो. काचेवर मागून उलटी अक्षरं दिसत होती: संगीत. तो तिच्या ओठांकडे बघत होता, गळ्याच्या शिरेकडे, छाती भरून येण्याकडे. तिचा आवाज त्या सकाळी असा लागला होता की माझ्या शेजारचा शाळामास्तर पुटपुटला, "व्वा, काय लागलाय!" इल्यासने मोबाईलवर लिहिलं, "कावळा ऐकू येतोय." मग मोबाईल पालथा ठेवला.

माईंच्या पदराच्या टोकाला गाठ होती. मला दिसत होती.

शर्वाणी गंधारावर आली. थांबली. तिने तिसऱ्या रांगेत पाहिलं.

मला आधीच कळलं. तिचा गंधार खाली घसरला. केसभर. मग आणखी. ती तो भरत राहिली, उतरा, खोटा, डोळे त्याच्यावर. मास्तरांनी तोंड वाकडं केलं. तबलजीने मान वर केली. पेटीवाला घाईने सूर दाबून तिला आठवण करून देऊ लागला. माईंचा हात पदरावर गेला आणि तिथेच राहिला.

इल्यासने चष्मा काढला होता. तो ऐकत होता. अकराव्या दिवशीसारखा, ओठ उघडे. तिचा श्वास संपला, तिने दुसरा घेतला आणि पुन्हा तोच सूर, तितकाच खोटा. ती खऱ्या सुरावर परत जाणार नव्हती. ठरवून आली होती. सगळी सभा चुळबुळत होती आणि त्या दोघांना जग नव्हतं. मी म्हातारा, मला वाटलं, राहू दे. मरू दे तो गंडा. असंच राहू दे.

तेव्हा इल्यासने हात पुढे केला. पालथा तळवा, एक बोट. सत्तर माणसांत ती खूण कळणारे आम्ही तिघंच.

बोट केसभर वर.

तिने मान हलवली. नाही.

बोट आणखी वर.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सूर थरथरला आणि किंचित चढला. त्याने कान पुढे केला. तंबोरा लावताना करायचा तसाच. पुन्हा बोट. ती चढली. पुन्हा. मला दिसत होतं, त्याला ती बारीक होत जाताना ऐकू येत होती. तो घाई करत नव्हता. एकेक केस. मणी सरकवावा तसा तो तिला सरकवत होता, आणि ती जात होती. एका जागी त्याचं बोट थांबलं. मला वाटलं, थांबेल, तिथेच ठेवील तिला, थोडी तरी.

बोट शेवटचं हललं.

पडवीत गंधार भरला. मास्तरांच्या तोंडून हुंकार निघाला, माईंनी डोळे मिटले. इल्यास डोकं एका बाजूला कलतं करून आणखी थोडा वेळ बसला. खात्री करून घेत होता.

मग त्याने मूठ मिटली.

माईंनी पदराची गाठ सोडायला घेतली. सगळी सभा उठून टाळ्या वाजवू लागली. त्या टाळ्या त्याला ऐकू आल्या. एकूण एक.